दोनशेतेरावी नोंद

१

यंत्राची भीती आनंदराव बाबूंना कधीच वाटली नव्हती. नाकाडोंगरीच्या पलीकडे मँगनीजची खाण होती, तिच्या टाइम ऑफिसात त्यांनी सव्वीस वर्षं हजेरी लिहिली होती. सत्त्याऐंशी साली कंपनीने त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवला, तेव्हा बाकीचे बाबू दाराशी उभे राहून लांबूनच पाहत होते. आनंदराव मात्र नागपूरला जाऊन तीन आठवडे शिकून आले. तेव्हापासून त्यांच्या चालण्यात ताठा आला असं त्यांची बायको म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं.

काम तसं सरळ होतं. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस खिडकीतून हात घालून आपला पितळी बिल्ला बाबूच्या हातात देई. बाबू तो फळ्यावरच्या खिळ्याला लटकवी आणि नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकी, की हा आत गेला. पाळी सुटली की माणूस वर येई, बिल्ला परत घेई, आणि बाबू बाहेरची वेळ टाकी. फळा रिकामा झाला म्हणजे खाण रिकामी झाली. खिडकी इतकी बुटकी की माणसाचं तोंड दिसत नसे, नुसता हात दिसे. हात पुढे आला की आनंदरावांचा हात आपोआप पुढे जाई, मग डोक्यात काहीही चाललेलं असो.

खाणीत एकच पाळी चाले, ती तीनला सुटे. साडेतीनला दिवसाचं शेवटचं काम, म्हणजे सगळ्या नोंदींची एक प्रत मोठ्या ऑफिसात पाठवायची. तिथे दुसरा कॉम्प्युटर होता आणि त्याला टेप ड्राइव्ह जोडलेला होता. दोन्हींच्या मध्ये दोनशे पावलांची काळी केबल. इकडचं यंत्र बिघडलं, आग लागली, तरी हजेरी टेपवर शाबूत राहावी हा हेतू. कोणी खाली राहिलेलं असो वा नसो, साडेतीन म्हणजे साडेतीन, असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता.

टेपच्या खोलीत कलाबाई बसत. नवरा वारल्यावर त्याच्या जागी नोकरीला लागलेल्या, कामात चोख, बोलायला कमी. आनंदराव बटण दाबत, कलाबाई टेपची कॅसेट घालून बसत, अकरा मिनिटांत काम होई. मग दांडी फिरवायचा फोन वाजे आणि दोघं आकडा ताडून पाहत. इकडून गेल्या दोनशेबारा, तिकडे पोचल्या दोनशेबारा. मग चहा.

एकोणनव्वदच्या जानेवारीत एका सोमवारी कलाबाई फोनवर म्हणाल्या, "बाबूजी, इकडे दोनशेतेरा आल्या."

२

"नीट पाहा, बाई."

"दोनदा पाह्यलं. चौऱ्याऐंशी नंबर दोन डाव आला. एकदा सकाळी आत, तीन वाजता बाहेर. तो तं बरोबर हाय. पन शेवटी आणखी एक डाव हाय. आत गेल्याची वेळ तीन वाजून चौतीस मिनिटं. बाहेर आल्याची वेळच नाई."

आनंदरावांनी फळ्याकडे पाहिलं. एकही बिल्ला नव्हता. चौऱ्याऐंशी म्हणजे यादोराव, आणि यादोराव पंधरा मिनिटांपूर्वीच सायकलवर टांग टाकून घरी गेला होता. जाताना खिडकीतून "राम राम बाबूजी" असं ओरडूनही गेला होता.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, कुणी बदलीवर उतरलं असेल. खाणीतली ही जुनी रीत होती. वर्षात दोनशेचाळीस हजेऱ्या भरल्या की माणूस कायम होई. म्हणून कुणाला ताप आला, कुणाकडे लग्न निघालं, की घरातलाच एखादा भाऊ किंवा साळा त्याचा बिल्ला घेऊन खाली उतरे आणि खाडा टळे. खिडकीतून आलेल्या हाताला थोडंच नाव असतं? आनंदरावांना हे सगळं ठाऊक होतं. हात निराळा आहे हे कळूनही ते गप्प बसत. कशाला एखाद्याच्या पोटावर पाय द्या, असं त्यांचं म्हणणं. पण बदलीचा माणूस झाला तरी इकडच्या यंत्राला चुकवून तिकडच्या टेपवर कसा चढेल? आणि साडेतीननंतर खाली जाणार कोण?

मंगळवारी कलाबाईंनी कोरी कॅसेट घातली. पुन्हा दोनशेतेरा. पुन्हा चौऱ्याऐंशी, पुन्हा तीन चौतीस.

"टेप मधीच थांबते, बाबूजी," कलाबाई म्हणाल्या. "आधी सरळ चालते. मंग चौतीस मिनिटाले थांबते, जशी कोनाची वाट पाहून राहिली. आन मंग उरलेलं घेऊन चालू होते. मले इथं एकटं बसाले बरं नाई वाटत."

"मशीन हाय ते, बाई. गरम होत असन," आनंदराव म्हणाले. तो सगळा दिवस त्यांनी स्वतःलाही हेच सांगितलं.

बुधवारी दुपारी दीड वाजता भोंगा तुटक तुटक वाजला. खाली छताचा दगड सुटला होता. यादोरावला वर आणायला संध्याकाळ झाली.

त्या दिवशीही साडेतीनला बटण दाबलं गेलं, कारण हुकूम होता. दोनशेबारा गेल्या, दोनशेबारा पोचल्या. जास्तीची नोंद नव्हती. चौऱ्याऐंशी यादीत एकदाच होता. सकाळी आत गेल्याची वेळ होती आणि बाहेर येण्याची जागा कोरी होती.

३

माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत. आनंदरावांनी नागपूरला फोन लावला. तिकडचा इंजिनिअर म्हणाला, केबलमध्ये गडबड असेल, जुनीच नोंद पुन्हा जात असेल. आठवड्याने तो स्वतः आला, केबलची दोन्ही टोकं बदलली, मीटर लावून पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणाला.

"मधल्या लॅम्प रूममध्ये एकदा पाहून घ्या," आनंदरावांनी सुचवलं.

लॅम्प रूम टाइम ऑफिस आणि मोठ्या ऑफिसच्या मधोमध होती. पूर्वी खाणीत उतरणाऱ्यांना तिथून दिवे मिळत. पुढे दिव्यांची सोय शाफ्टच्या, म्हणजे माणसांचा पिंजरा खाली उतरतो त्या विहिरीच्या, तोंडाशी झाली आणि ती खोली कुलूप लावून बंद केली गेली. केबल टाकताना किल्ली काही सापडली नाही. मग वायरमनने एका भिंतीला भोक पाडलं, समोरच्या भिंतीला दुसरं पाडलं आणि बांबूने केबल ह्या भोकातून त्या भोकात ढकलली. आतून ती कशावरून गेली हे कुणीच पाहिलं नव्हतं.

किल्ली याही वेळी सापडली नाही. इंजिनिअरला तुमसरची गाडी गाठायची होती.

यादोरावच्या जागी नवा माणूस लागला आणि पुढचे दिवस शांत गेले. रोज दोनशेबारा. यादोरावच्या तेराव्याला आनंदराव जेवून आले, आणि ती जास्तीची नोंद म्हणजे निव्वळ योगायोग असं त्यांनी मनात पक्कं केलं.

त्यानंतरच्या सोमवारी कलाबाईंचा फोन आला.

"किती?" आनंदरावांनी विचारलं.

"दोनशेतेरा."

"कोनता नंबर?"

"एकशेसतरा."

आनंदरावांनी वळून फळा पाहिला, तो रिकामा होता. एकशेसतरा हा त्यांच्या जावयाचा, इश्वरचा बिल्ला होता. त्यांची पंचफुला त्याला देऊन दोन वर्षं झाली होती आणि तिला सहावा महिना लागला होता.

४

मंगळवारी साडेतीनला त्यांनी बटण दाबलं आणि खुर्चीत न बसता ते बाहेर पडले. केबल जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली होती. तिच्याकडे पाहत पाहत ते चालू लागले. बाहेर चांगलं ऊन होतं. पलीकडच्या ढिगाऱ्यावर बायका मँगनीज निवडत बसल्या होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. भ्यावं असं आजूबाजूला काहीच नव्हतं.

लॅम्प रूमच्या दाराचं कुलूप गंजून एकजीव झालं होतं. बाजूला दिवे द्यायची बुटकी खिडकी होती, अगदी त्यांच्या टाइम ऑफिसातल्यासारखी. तिची लाकडी झडप आतून लावलेली होती.

त्यांनी भिंतीला कान लावला.

आधी काहीच आलं नाही. मग बूट सरकल्याचा आवाज आला, रांग एक पाऊल पुढे सरकते तेव्हा येतो तसा. कुणीतरी खोकलं, खाणीतला माणूस खोकतो तसं, छातीच्या तळातून. आणि मग पितळ खिळ्याला लागल्याचा आवाज. हा आवाज आनंदरावांनी झोपेतही ओळखला असता. बिल्ला खिळ्यावर जातो, एकदा हलतो आणि थांबतो. मग बूट. मग पुन्हा पितळ.

उंदीर असतील, त्यांनी स्वतःला बजावलं. पत्रा उन्हाने वाजतो. केबल आतल्या कशावर तरी घासत असेल. त्यांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून तेहतीस झाले होते. चौतीस होईपर्यंत इथे उभं राहायचं नाही, निघायचं, असं त्यांनी ठरवलं. पाय काही हलले नाहीत.

आतले आवाज एकदम थांबले. झडपेची कडी सरकली. झडप वीतभर उघडली आणि अंधारातून एक हात बाहेर आला. मनगटापर्यंत काळा, मँगनीजच्या भुकटीने माखलेला, बोटांत बिल्ला धरलेला.

आणि आनंदरावांनी आपला हात पुढे करून तो बिल्ला घेतला.

त्यांनी हे मुद्दाम केलं नाही. सव्वीस वर्षं हात पुढे आला की ते बिल्ला घेत आले होते, तसाच घेतला. हात कुणाचा हे पाहिलं नाही, कारण ते कधीच पाहत नसत. झडप लागली. तळव्यावर थंड, ओलं पितळ होतं आणि त्यावर एकशेसतरा कोरलेलं होतं.

त्यांच्या हातून तो गळून पडला. सागाच्या वाळल्या पानांत त्यांनी गुडघ्यांवर बसून शोधलं, पानं उपसली, माती चाचपली. बिल्ला कुठेच नव्हता. टाइम ऑफिसात परत आले तर फोन वाजत होता. कलाबाईंनी आकडा सांगण्याआधीच त्यांना तो माहीत होता. त्यांनी हात साबणाने तीनदा धुतला, तरी तळव्याला जुन्या कार्बाइडच्या दिव्यांचा वास येत राहिला. आता खाणीत कार्बाइडचा दिवा कुणी वापरत नव्हतं.

एकच विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. बाबूने बिल्ला घेतला म्हणजे हजेरी लागली. आणि हजेरी त्यांनीच घेतली होती.

५

संध्याकाळ व्हायच्या आत ते सायकलवर नाकाडोंगरीला पोचले. त्यांचं घर-वावर याच गावात होतं. ते स्वतः खाणीच्या क्वार्टरात राहत आणि शेती त्यांचा मुलगा तुलाराम पाही. चोवीस वर्षांचा, अंगाने दणकट, बापासारखा न बोलता काम करणारा. पण आज ते स्वतःच्या घरी वळलेच नाहीत, तडक मुलीच्या दारात जाऊन उतरले.

इश्वर ओसरीवर चहा पीत होता. सासऱ्याला पाहून तो उठून उभा राहिला.

"उद्या कामावर जाऊ नोका, जावईबुवा," आनंदराव म्हणाले.

"काहून जी, मामाजी?"

सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. पण पंचफुला दारात उभी होती, एक हात पोटावर ठेवून. तिच्यासमोर काय सांगणार? आणि जावई हसला असता तर? नागपूरला शिकून आलेला बाबू म्हणून ज्यांना गाव ओळखत होतं, त्यांना तेही नको होतं.

"बपेऱ्याले एक बैलजोडी पाहाले जाऊ," ते म्हणाले. "तुलारामच्या वावरासाठी. तुमाले बैलाची पारख हाय."

"बाबा, आठच हजेऱ्या राहिल्या यायच्या, आन वर्ष भराले दिवसबी तेवढेच हायत," पंचफुला म्हणाली. "आठ भरल्या का कायम होतीन. बैल काय इतवारी पाहता येत नाई?"

"उद्याच पाहाचे हाय."

"मले काई समजून नाई राहिलं. अशी कोनती घाई हाय तुमाले?"

"माह्या गळ्याची शपथ हाय दोघांनाबी," आनंदराव म्हणाले. "उद्या हे खाली उतरनार नाईत. याच्यावर मले काही विचारू नोका."

इश्वरने बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी काहीतरी सांगितलं, आणि तो लगेच कबूल झाला. "चाला तं. तुमचं मन हाय तं मी येतो."

"तुलारामलेबी घेऊ संग."

"त्याले उद्या दुसरं काम हाय, बाबा," पंचफुला म्हणाली.

आनंदरावांना बरं वाटलं. इश्वर इतक्या सहज मानेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

६

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि टाइम ऑफिस गोपीचंद बाबूच्या हवाली केलं. उजाडताच ते इश्वरला घेऊन बपेऱ्याच्या गाडीत बसले. दिवसभर त्यांनी जावयाला नजरेआड होऊ दिलं नाही. तो बैलाचे दात पाहायला वाकला की हे पुढे होऊन बैलाची वेसण धरत. तो रस्ता ओलांडायला लागला की दंड धरत. इश्वरला हसू आवरेना.

"मामाजी, मी काय लहान लेकरू हाय का?"

दीड वाजला. इश्वर एका दुकानासमोर बसून भजी खात होता. पावणेदोन झाले, दोन झाले. इश्वरने हात धुतले आणि बैल महाग सांगतात म्हणून कुरकुरू लागला. आनंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि अर्धा शेर जिलेबी बांधून घेतली. किती दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

परतीची गाडी सव्वातीनला खाणीच्या फाटकाशी थांबली. भोंगा वाजलेला नव्हता, धावपळ नव्हती. माणसं नेहमीसारखी हातपाय धुऊन घरी निघाली होती. आनंदराव उतरले आणि म्हणाले, "चाला, ऑफिसात चहा घेऊ."

इश्वर जागचा हलला नाही. "मी इथूनच घरी जातो, मामाजी."

"काहून?"

"गोपीचंद बाबूनं पाह्यलं तं वांधे होतीन."

"वांधे कायचे? खाडाच तं हाय. माणसाले एखादा खाडा होतेच."

इश्वर मान खाली घालून ओशाळं हसला. "खाडा नाई जी. तुमची पोरगी आयकते का कोनाचं? आठ दिवसासाठी कायम होनं कायले गमवाचं, म्हने. तुलाराम गेला माह्या बिल्ल्यावर. तुमीबी तं सगळ्यायचं चालू देता, मंग म्हटलं आपलं काहून नाई."

जिलेबीचा पुडा आनंदरावांच्या हातातच राहिला.

७

टाइम ऑफिसात गोपीचंद खिडकीशी बसून बिल्ले परत देत होता. फळ्यावर नऊ उरले होते. खिडकीतून हात येत, बिल्ला घेऊन जात. आनंदराव पहिल्यांदाच खिडकीपाशी वाकून प्रत्येकाचं तोंड पाहत होते. पाच उरले. दोन उरले. मग एक.

"एकशेसतरा राहिला," गोपीचंद म्हणाला. "तुमचा जावई, बाबूजी. सोबतचे म्हनतात मागंच होता, पानी प्याले थांबला. पिंजरा पाठवला हाय परत खाली. येईन आता."

"आवाज झाला का काही खाली?"

"नाई जी. कायचा आवाज?"

आनंदरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. शाफ्टचं चाक फिरत होतं. ते फिरतंय म्हणजे दोर चालतोय, म्हणजे पिंजरा वर येतोय, त्यात तुलाराम असणार. पाणी प्यायला थांबला, त्यात काय विशेष? तहान लागते माणसाला. पहिल्यांदाच उतरला असेल, वाट चुकला असेल. ते हे सगळं मनात म्हणत राहिले आणि चाक थांबलं. शाफ्टच्या तोंडाशी कुणी एकाने दुसऱ्याला हाताने 'नाही' अशी खूण केली, आणि चाक पुन्हा उलटं फिरू लागलं.

"साडेतीन झाले," गोपीचंद खुर्ची सोडत म्हणाला. "हे तुमीच दाबा. मले धाकधूक होते."

आनंदराव यंत्रासमोर बसले. पडद्यावर दोनशेबारा नोंदी होत्या, त्यांतल्या एकशेसतराची बाहेरची जागा कोरी होती. कालपर्यंत तो जास्तीचा आकडा आला म्हणजे माणूस अजून जमिनीवर होता. यादोराव गेला त्याच दिवशी आकडे जुळले होते. हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मनातल्या मनात यंत्राला विनवू लागले. आज दोनशेतेरा येऊ दे. आणखी एक दिवस येऊ दे. मी उद्या त्याला धरून ठेवीन, सगळ्यांना सगळं सांगीन, लोक हसले तरी सांगीन. त्यांनी बटण दाबलं.

अकरा मिनिटं ते खुर्चीवरून हलले नाहीत. इश्वर केव्हा तरी आत येऊन भिंतीशी उभा राहिला होता. त्याला पाहून गोपीचंदचं तोंड उघडं पडलं, त्याने फळ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा इश्वरकडे पाहिलं. बाहेर शाफ्टकडे माणसं पळायला लागली होती.

फोन वाजला. आनंदरावांनी तो उचलून कानाला लावला.

"बाबूजी," कलाबाई म्हणाल्या. आज त्यांचा आवाज मोकळा होता, कित्येक दिवसांत नव्हता इतका. "जमलं आज. दोनशेबारा आन दोनशेबारा. टेप मधी थांबलीबी नाई. मी देवीले नारळ बोलली होती."

आनंदरावांनी भिंतीशी उभ्या इश्वरकडे पाहिलं.

"आयकून राहिले ना, बाबूजी? एकशेसतरा हाय यादीत, बाहेरची वेळ नाई त्याची. पन भिऊ नोका. तो केबलवर मधूनच नाई चढला. आज तो तुमच्याकडूनच आला."